मोफत आणि मुक्त : प्रोजेक्टच्या आकड्यांसाठी क्रॅक कशाला?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. आमच्या फैजपूर-सावदा पट्ट्यातली कॉलेजची पोरं मला एकच प्रश्न सारखा विचारतात : "दादा, एसपीएसएसचा क्रॅक आहे का?" नाही. आणि त्याची गरजही नाही.

'फ्री' या शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे त्याला दोन शब्द आहेत. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे आतला कोड उघडा. बघा, बदला, पुढे वाटा. 'आर' दोन्ही आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली आणि १९९५ पासून ती जीपीएल परवान्याखाली आहे.

आता केळीच्या मळ्यात चला. समजा, स्कर्टिंग बॅग लावल्याने घडाचं वजन वाढतं का, हे बघायचंय. एकाच मळ्यातली ४० झाडं घ्या. चिठ्ठ्या टाकून २० घडांना बॅग लावा, २० तसेच ठेवा. कापणीला प्रत्येक घडाचं वजन लिहा. ही दोन रकान्यांची फाइल आरमध्ये उघडली की टी-टेस्ट एका ओळीत होते.

उत्तरात पी-व्हॅल्यू येते. ती ०.०३ आली तर अर्थ असा : बॅगने काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता १०० मध्ये ३. 'बॅग ९७ टक्के काम करते' असा अर्थ नाही! व्हायव्हात इथेच पोरं अडकतात.

चिठ्ठ्यांचा कंटाळा मात्र करू नका. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-उत्पादनाच्या पाहणीसाठी रँडम निवडीचाच आग्रह धरला. नजरेत भरणाऱ्या घडांनाच बॅग लावली, तर कुठलंच सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही.

कोड नको, क्लिक हवं? पीएसपीपी घ्या, ते दिसायला एसपीएसएससारखंच आहे. किंवा ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं जॅस्प. दोन्ही मोफत आणि मुक्त, पण कॉम्प्युटर लागतो. हातात फक्त मोबाइल असेल, तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा आणि रनटाइममध्ये आर निवडा. हां, कोलॅब वापरायला मोफत आहे, मुक्त नाही. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर आरचे छोटे व्हिडिओ आहेत, तेही फुकट.

क्रॅकसोबत व्हायरस येऊ शकतो, हे झालंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. आरमध्ये तुमची डेटाची फाइल आणि कोड सरांना दिला, की ते स्वतः चालवून तेच उत्तर येतं का ते बघू शकतात. उद्या तुमचा रिपोर्ट वाचून एखादा शेतकरी हजारो घडांसाठी बॅगा विकत घेईल. त्याचे पैसे ज्या आकड्यावर लागणार, तो आकडा कुणालाही तपासता आला पाहिजे.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!