काली नदीचा उगम

1725 च्या सुमारास गुजराथच्या चौथाईवरून पिलाजीराव गायकवाड आणि कंठाजी कदम बांडे यांच्यात तंटा विकोपाला गेला, तेव्हा महीच्या पश्चिमेकडील परगण्यांची चौथ बांड्यांनी व पूर्वेकडील गायकवाडांनी वसूल करावी असे ठरले; आणि वासदच्या पुलावरून जाताना महीचे ते रुंद पात्र ज्याने पाहिले आहे, त्या बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी माणसाला नदी ही सरहद्द कशी होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु नदी जसजशी हिमालय चढू लागते, तसतशी तिच्यावर सोपविलेली ही सरहद्द संदिग्ध होत जाते. इंग्रज व नेपाळ यांच्यात 2 डिसेंबर 1815 रोजी झालेल्या आणि 4 मार्च 1816 रोजी कायम झालेल्या सुगौलीच्या तहाच्या पाचव्या कलमान्वये नेपाळच्या राजाने काली नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. मात्र कालीचा उगम कोणता, हे त्या तहात कोठेही नमूद केलेले नाही. सुमारे साडेदहा हजार फुटांवरील गुंजी गावाशी दोन प्रवाह एकत्र येतात: एक कालापाणीकडून, जेथील मंदिराजवळचा झरा भारतीय यात्रेकरू उगम मानतात, आणि दुसरा लिंपियाधुराकडून येणारा कुटी यांगती, ज्याला नेपाळ खरी काली म्हणतो व 2020 साली आपल्या नकाशातही त्याने तसेच दाखविले. या दोहोंमधील सारा डोंगराळ मुलूख आज वादात आहे. माझ्या मते दोष पाण्याचा नाही. नाव घालून उगम वगळणाऱ्या लेखणीचा आहे.

लिपुलेख खिंडीतून कैलास-मानसरोवरास गेलेल्या यात्रेकरूंना या खोऱ्यातील भोटिया लोक भेटतात. व्यासांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दरीत त्यांची गुंजी, नाबी, कुटी ही गावे भारतात, तर छांगरू व टिंकर नेपाळात. भाषा एक, सोयरीक एक. तिबेटातील ताकलाकोटचा लोकर-मिठाचा व्यापार हा दोन्ही तीरांचा पिढीजात धंदा होता, आणि 1962 च्या युद्धाने तो भारतीय तीरावर बंद पडला, नेपाळी तीरावर मात्र चालू राहिला.

खाली धारचुल्याला झुलत्या पुलावरून माणसे बाजारहाटासाठी, लग्नकार्यासाठी सहज पलीकडे जातात. पलीकडच्या गावाचे नावही जवळपास तेच, दार्चुला, फक्त तेथील घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते.