विश्लेषण : पहिली कादंबरी गाजली, दुसरीसाठी वेळ कुठून आणायचा?

साहित्य संमेलन असो वा एखादा लिटरेचर फेस्टिव्हल, नव्या कादंबरीकारांशी गप्पांचे सत्र आता हमखास असते. कादंबरी कशी सुचली, पात्रे खरी आहेत का, किती दिवसांत लिहिली, हे प्रश्नही ठरलेले. लिहीत असताना घर कसे चालले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अलीकडे गाजलेल्या मराठीतील पहिल्या कादंबऱ्या पाहिल्या, तर खरे म्हणजे तोच प्रश्न आधी यायला हवा.

कोण आहेत हे लेखक?

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. वयोमर्यादा ३५ वर्षे, रक्कम ५० हजार रुपये. २०१८ मध्ये तो नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला मिळाला. गोरे सांगली जिल्ह्यातील जत या दुष्काळी तालुक्यातले. गरिबीशी झगडत शिकणाऱ्या मुलाची ही कादंबरी त्यांच्या स्वतःच्या जगण्यातूनच आलेली. पुरस्कार मिळाला, सत्कार झाले. पुढे ते महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. २०२० च्या टाळेबंदीत तासिका थांबल्या, त्याबरोबर पैसेही. अकादमी पुरस्कारप्राप्त लेखक गावी शेतमजुरी करतो आहे, अशा बातम्या तेव्हा आल्या आणि त्यानंतर त्यांना भारती विद्यापीठात नोकरी मिळाली.

२०२४ चे मानकरी देविदास सौदागर तुळजापूरचे, व्यवसायाने शिंपी. ‘उसवण’मध्ये रेडिमेड कपड्यांच्या रेट्यात शिंप्याचा धंदा कसा बसत जातो, ते येते. उसवण म्हणजे शिवण सुटणे. इथे ती कापडाची कमी आणि संसाराची जास्त आहे. २०२५ मध्येही हा पुरस्कार कादंबरीलाच, प्रदीप कोकरे यांच्या ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ला मिळाला.

गोरे आणि सौदागर यांना विषय कष्टाच्या जगण्यातून मिळाला. लिहिण्याचा वेळही तेच जगणे खाते.

पुस्तकातून किती मिळते?

हिशेब सोपा आहे. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के आणि हजार प्रतींची आवृत्ती धरली, तर सगळ्या प्रती विकल्यावर लेखकाच्या हाती ३० हजार रुपये येतात. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, तर महिन्याला साधारण ८३३ रुपये पडतात. तेवढ्यात मोबाइलचा रिचार्ज आणि थोडा किराणा होईल.

म्हणून दुसरी कादंबरी लांबते का?

पैसा हे एकमेव कारण नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची, ‘बिढार’ १९७५ ची. म्हणजे मध्ये १२ वर्षे गेली. पण त्या काळात ते महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत होते. आज तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तास झाला तरच पैसे मिळतात; उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. लेखकाला सलग लिहायला मोकळे दिवस मिळतात, तेही नेमके तेव्हाच.

सरकारी मदत काय आहे?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्यातून नव्या लेखकाचे पहिले पुस्तक छापण्यासाठी अनुदान मिळते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. दोन्ही योजना उपयोगाच्या, पण दोन्ही हस्तलिखित पूर्ण झाल्यानंतरच्या. लिहिण्याच्या काळात चूल पेटती ठेवायची जबाबदारी लेखकाचीच राहते.

लिहिण्यासाठी आधी पैसे देणारी योजना केंद्राने २०२१ मध्ये आणली. ‘पीएम युवा’मध्ये तिशीच्या आतल्या ७५ लेखकांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपये शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शन देण्यात आले, राबवणारी संस्था नॅशनल बुक ट्रस्ट. लेखकाला पुरस्कार नव्हे, तर वेळ देण्याची ही पद्धत अधिक शहाणपणाची. अट मात्र एक होती, विषय स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित हवा. शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाची गोष्ट त्यात बसली नसती.