धोट्याचा दोरा आणि इंदू मिल

दोस्तांनो, दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या नगर-भिंगारकडची कितीतरी मंडळी दादरला चैत्यभूमीवर जातात. तुमच्यापैकी काहीजण आई-बाबांबरोबर जाऊनही आले असतील. तिथं शेजारीच एक बंद पडलेली कापडगिरणी होती. कागदावर नाव इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, पण सगळे म्हणत इंदू मिल.

या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक व्हावं म्हणून लोक सरकारच्या मागे लागले. ६ डिसेंबर २०११ ला तर कार्यकर्ते थेट गिरणीत शिरले! वर्षभराने केंद्र सरकारने साडेबारा एकर जागा द्यायचं कबूल केलं. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. शंभर फुटी चौथऱ्यावर साडेतीनशे फुटी पुतळा, शिवाय ग्रंथालय, सभागृह असा बेत ठरला.

पण गिरणीशी बाबासाहेबांचं नातं जुनंच बरं का! मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार चांगला. तिथं दलित कामगारांना घेत नसत. कारण ऐका. धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावायला घेतला.

मला विचाराल तर त्या उंच पुतळ्याच्या पायाशी काचेच्या पेटीत एक जुना धोटा ठेवायलाच हवा. तुमचे कुणाचे आजोबा-पणजोबा मुंबईला गिरणीत होते का? कोणत्या खात्यात होते, घरी जरूर विचारा.