उभा घोडा किती खातो?

‘भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला?’ हे कोडे तुम्ही ऐकले असेलच. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : ‘न फिरवल्यामुळे!’ भाकरीचे आणि पानाचे ठीक आहे. पण न फिरवलेला घोडा खरोखरच अडतो का? होय, अडतो आणि कधी कधी ते त्याच्या जिवावरही बेतते. त्याचे एक मोठे कारण त्याच्या पायांत नसून त्याच्या खाण्यात असते. कसे ते पाहू या.

मोटार उभी करून इंजिन बंद केले की पेट्रोलचा खर्च थांबतो. घोड्याचे इंजिन मात्र कधीच बंद होत नाही. उभ्या घोड्याचेही हृदय धडधडते, श्वास चालतो, आतडी हलत राहतात. ५०० किलोग्रॅम वजनाच्या घोड्याला, काहीही काम नसताना, नुसते जगण्यासाठी दिवसाला सुमारे १६,५०० किलोकॅलरी ऊर्जा अन्नातून मिळवावी लागते. आता वही-पेन्सिल घ्या. एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल आणि एका दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार-भागाकार केलात तर उत्तर येईल सुमारे ८०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणजे घोडा नुसता उभा असला तरी एका अश्वशक्तीहून थोड्या अधिक दराने त्याला ऊर्जा लागते! त्यातली बहुतेक शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

आता त्याला गाडीला जुंपू. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कार्यात उतरतो. बाकीची उष्णता होते. म्हणून एक अश्वशक्तीने तासभर ओढायला सुमारे २,६०० किलोकॅलरी जादा लागतात. असे चार तास काम केले, तर दिवसाची गरज जवळजवळ २७,००० किलोकॅलरींवर जाते.

एवढी ऊर्जा नुसत्या गवतातून मिळेल का? एक किलो चांगल्या वाळल्या गवतातून घोड्याला सुमारे २,००० किलोकॅलरी मिळतात. रिकाम्या घोड्याला सव्वाआठ किलो गवत पुरेसे आहे. कामाच्या घोड्याला मात्र साडेतेरा किलो लागेल, आणि एवढे खाणे त्याला जड जाते. म्हणून नऊ किलो गवत आणि वर अडीच-पावणेतीन किलो दाणा द्यायचा. घोड्याच्या या दाण्याला चंदी म्हणतात. ओट, जव, हरभरा यांच्या एका किलोत तीन हजारांहून अधिक किलोकॅलरी असतात.

मग रोजच भरपूर चंदी का देऊ नये? याचे उत्तर घोड्याच्या पोटात आहे. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकताही येत नाही. गवतातले सेल्युलोज त्याला स्वतःला पचत नाही. ते अंधनाल आणि मोठे आतडे यांतील कोट्यवधी जीवाणू आंबवून पचवतात. एकाच वेळी दाणा फार झाला, तर न पचलेले पिष्ट या जीवाणूंपर्यंत पोचते. तेथे आम्ल वाढते आणि पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आतल्या भागाचा दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होतो. म्हणून चंदी दोन-तीन वेळांत विभागून देतात आणि वाढवायची झाल्यास हळूहळू, दहा-पंधरा दिवसांत वाढवतात.

दुसरा धोका सुट्टीच्या दिवसाचा. मोटारी येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत माल ओढायला दणकट घोडे असत. रविवारी काम बंद, पण चंदी मात्र रोजचीच! सोमवारी जुंपल्यावर थोड्याच वेळात काही घोडे घामाने निथळत, कंबर आणि मागचे पाय लाकडासारखे कडक होत आणि घोडा जागचा हलत नसे. लघवी कॉफीच्या रंगाची होई. याला ‘सोमवारचा आजार’ असेच नाव पडले. जादा पिष्टाचे ग्लायकोजेन होऊन ते स्नायूंत साठते. काही घोड्यांत स्नायूपेशी फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते. सर्वच घोड्यांना हा आजार का होत नाही? २००८ साली एका जनुकातील बदल सापडला. हा बदल असलेल्या घोड्यांचे स्नायू गरजेपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवतात. दणकट ओढकाम करणाऱ्या काही जातींत तो बराच आढळतो.

आपल्या माथेरानचेच पाहा. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे घोडे माणसे आणि सामान वाहतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना उसंत नसते, तर ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावते. दोन्ही दिवसांची चंदी एकच कशी असेल? काम थांबले की त्याच दिवशी चंदी कमी करावी. गवत, पाणी आणि मीठ चालू ठेवावे, आणि घोड्याला रोज थोडे फिरवून आणावे. खाणे बेताचे आहे की नाही हे हातानेही कळते. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. ३०० किलोग्रॅम वजनाचे तट्टू दिवसभर नुसते उभे आहे. त्याची गरज वजनाच्या प्रमाणात धरली, तर त्याला किती किलो वाळले गवत घालाल? आणि दोन तास अर्ध्या अश्वशक्तीने काम केले तर?