अंबाजोगाईचे संन्यासी हेडमास्तर

मराठीचा आद्य कवी म्हणून ज्याचा निर्देश होतो त्या मुकुंदराजाची समाधी बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आहे. त्याच गावी १९३५ साली कन्नड मुलुखात जन्मलेला एक संन्यासी मराठी मुलांचा हेडमास्तर होऊन आला. स्वामी रामानंद तीर्थ ते हेच होत.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात अध्ययन आणि ना. म. जोशी यांच्यापाशी मजुरांची सेवा करून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला; घरदार सुटले, परंतु शाळा सुटली नाही.

त्या काळी अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि अंमल निजामाचा होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने बहुजनांच्या मराठीस, कानडीस व तेलुगूस तेथे थारा नव्हता. साधी सभा भरवावयाची तरी ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वये परवानगी लागे. अशा राज्यात मायबोलीची खासगी शाळा म्हणजे केवळ अक्षरओळखीचे ठिकाण नव्हे. चार माणसांनी एकत्र येऊन विचार करावयाची ती एक हक्काची जागा होती. स्वामीजींनी योगेश्वरी विद्यालयाची धुरा वाहिली ती हे जाणूनच. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासमवेत होते.

१९३८ साली शाळेचा निरोप घेऊन ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले व कारावासात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा गौरव मराठवाड्याने कसा केला, हे पाहण्याजोगे आहे. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव मिळाले; १९९४ साली नांदेडास स्थापन झालेल्या विद्यापीठासही तेच. ज्याने शाळा चालविली, त्याचे स्मारक शाळेच्याच रूपाने व्हावे, यात औचित्य आहे. माणूस कोणत्या मुलुखात जन्मला, हे कागदोपत्री राहते. तो कोणाचा झाला, हे मात्र ज्यांच्या मुलांना त्याने शिकविले तेच ठरवितात.