टे नदीवरील पूल आणि कादंबरीकाराचे दायित्व

ऐतिहासिक कादंबरी म्हटली म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि दरबार उभे राहतात. हरि नारायण आपट्यांपासूनचे हे वळण इतके दृढ आहे की, लोखंडी पूल कोसळणे हाही इतिहासच होय व त्यावरही कथा रचता येते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. विलायतेत असा प्रयत्न झालेला आहे. डॉक्टरी सोडून लेखणी हाती धरलेल्या ए. जे. क्रोनिन यांची 'हॅटर्स कॅसल' ही पहिली कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या निमित्ताने चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मूळ घटना सांगतो. स्कॉटलंडात डंडी शहराजवळ टे नदीच्या विस्तीर्ण मुखावर टॉमस बाउच या इंजिनिअराने सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वेपूल बांधला. तो १८७८ च्या जूनमध्ये उतारूंस खुला झाला. पुढील वर्षी व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली व बाउच 'सर' झाला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला, रविवारी सायंकाळी सव्वासातच्या सुमारास, तुफान वाऱ्यात पुलाचे मधले तेरा उंच गाळे आगगाडीसह नदीत कोसळले. गाडीतील एकही जीव वाचला नाही. त्या वेळी मृतांची संख्या ७५ धरली गेली. पुढील संशोधनाने नावानिशी निश्चित झालेले मृत ५९ आहेत.

आता कादंबरी. जेम्स ब्रोडी हा लेव्हनफर्ड नामक कल्पित गावातील टोप्यांचा व्यापारी, अहंकाराने आंधळा झालेला. कन्या मेरी विवाहावाचून गर्भवती आहे हे कळताच तो तिला वादळी रात्री घराबाहेर घालवितो. आणि त्याच रात्री तिचा प्रियकर डेनिस टेच्या पुलावर गाडीबरोबर प्राणास मुकतो. एकाच वादळाने दोन जिवांची अशी ताटातूट करावी, ही योजना विलक्षण परिणामकारक आहे. परंतु पुढे कथेचा ओघ ब्रोडीच्या घराकडे वळतो आणि पूल पडला तो वाऱ्याने, म्हणजे दैवाने, एवढाच ठसा वाचकाच्या मनावर उरतो.

चौकशीत निघाले ते निराळेच. वाऱ्याच्या दाबासाठी बाउचने स्वतंत्र अशी काही तरतूद केलेली नव्हती. ओतीव खांबांना तिरप्या पट्ट्या ज्या कानांत अडकविल्या होत्या, ते कानच कमजोर होते. ओतकामात राहिलेली छिद्रे मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लुकणाने बुजवून वरून गुळगुळीत केलेली होती. देखरेखीस नेमलेला मनुष्य वीट-गवंडीकामातला. पट्ट्या सैल होऊन खडखडू लागल्या, तेव्हा त्याने लोखंडी तुकड्यांच्या पाचरी मारून खडखड थांबविली व वर कळविले नाही. पुलावर काम करणाऱ्या रंगाऱ्यांना तो हादरताना जाणवत असे; परंतु रंगाऱ्यास विचारतो कोण?

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे चौकशीचा अहवाल नव्हे. डब्यात बसलेल्या डेनिसला त्या पाचरींची वार्ता कशी असावी? आक्षेप रास्त आहे. पण कथेत डेनिसच का असावा? भट्टीपाशी मेण-राळ कालविणारा पोऱ्या, पायांखालचा कंप मुकाट्याने सोसणारा रंगारी, आपल्या परीने प्रामाणिकपणे पाचर मारणारा तो देखरेख्या, ही पात्रे कल्पनेला काय थोडी आहेत? स्वतः बाउचही करुणेस पात्र आहे. राणीकडून मान मिळालेला हा मनुष्य अपघातानंतर वर्षाच्या आत, १८८० च्या ऑक्टोबरात, मरण पावला. त्याला राक्षस ठरविणे सोपे, तसेच सर्व भार वाऱ्यावर टाकणेही सोपे. लहान लहान हयगयी एकत्र येऊन अनर्थ कसा घडवितात हे दाखविणे कठीण, आणि तेच कादंबरीकाराचे खरे काम, असे आमचे मत आहे.

१८८७ साली शेजारीच नवा पूल झाला. त्याच्या कडेने जुन्या खांबांचे बुंधे आजही पाण्यावर दिसतात. चौकशीचा अहवाल अभ्यासक वाचतात. कादंबरी मात्र घरोघर जाते आणि पुढील पिढी तिच्यावरूनच भूतकाळाचा न्याय करते. म्हणून ज्याची चूक त्याच्या पदरी घालण्याचे ऋण कथालेखकाने फेडलेच पाहिजे. मृतांप्रती त्याला दुसरे काय देता येणार?