फऱ्याखालची चरबी

बाळ जन्मून तीन दिवस उलटायच्या आत मोजमापं व्हायला हवीत. वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर. आणि मग खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत हलकेच उचलून तिला कॅलिपर लावायचा. काटा स्थिरावला की मिलिमीटरमधला आकडा लिहून घ्यायचा. पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदच्या दशकात हे आकडे जमवले गेले. मधुमेहाची सुरुवात कुठून शोधायची, याचं उत्तर त्यांनी चाळिशीवरून थेट आईच्या पोटापर्यंत मागे नेलं.

‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास १९९३मध्ये सुरू झाला. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्याचे प्रमुख, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल त्यांच्या सहकारी. पोटात असताना ज्याची आबाळ झाली, त्याला मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह गाठतात, असं साउदॅम्प्टनचेच डेव्हिड बार्कर सांगत होते. त्यांच्या हाताशी हर्टफर्डशायरमधल्या सुइणींच्या जुन्या नोंदवह्या होत्या. इथे वही नव्याने उघडायची होती, आणि तीही दिवस जाण्याच्या आधी. गावांतल्या अडीच हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद झाली, दर महिन्याला पाळीच्या तारखा लिहिल्या गेल्या. पाळी चुकली की सोनोग्राफी. अशी सुमारे आठशे बाळंतपणं अभ्यासात आली.

आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. दिवसभर शेतात राबणं, वर घरकाम, पाणी भरणं. बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. एवढा फरक पडणार हे उघडच होतं. धक्का दिला तो कॅलिपरने. पोटाचा आणि दंडाचा घेर साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा खूपच कमी, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव लहान; पण फऱ्याखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळाने चरबी मात्र राखून ठेवली होती.

मग नाळेतलं रक्त तपासलं. वारेतून साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. नाळेत सापडतं ते बाळाच्याच स्वादुपिंडाचं. पोटातल्या बाळाच्या वाढीचं, विशेषतः चरबी साठवण्याचं, हे मोठं संप्रेरक. लंडनमधल्या गोऱ्या बाळांशी तुलना केली, तेव्हा पुण्याची बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त निघालं. लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात. तेही त्यांच्यात गोऱ्या बाळांइतकंच होतं.

सडपातळ अंगात लपलेल्या चरबीची हीच गोष्ट याज्ञिकांनी पुढे स्वतःच्या शरीरावर दाखवली. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ‘अंगाने सडपातळ आहे, त्याला कसली साखर’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हा फोटो पोचायला हवा.

गावांतल्या आयांच्या आहाराच्या नोंदींतून निघालेलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या ताटात वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी होती. ‘दोन जिवांची आहेस, दोन घास जास्त खा’ हा सल्ला मायेचाच; पण ते घास कशाचे, हे विचारायलाच हवं. जवळपास दोनतृतीयांश आयांना बी-१२ कमी पडत होतं. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं. जिथे मांसमच्छी क्वचित आणि दूध चहापुरतं, तिथे ते येणार कुठून? फोलेट मात्र बहुतेकींना पुरेसं होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर मुलात इन्सुलिनला सर्वाधिक विरोध. पण म्हणून फोलेटच्या, म्हणजे फॉलिक अॅसिडच्या, गोळ्या कुणी टाकून देऊ नयेत. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूसाठी त्या लागतातच. बी-१२कडे काणाडोळा नको, एवढाच याचा अर्थ.

संशोधक या घरांशी जोडलेले राहिले, हे या कामाचं खरं बळ. तीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. आणि तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलामुलींचं वजन कमीच होतं.

यात आईला बोल लावणं अन्यायाचं आहे. ती ४२ किलोची राहिली, त्याचं कारण तिच्या स्वतःच्या बाळपणात आणि वाढत्या वयात आहे. शिवाय गरोदरपणाची नोंद होऊन गोळ्या हातात पडेपर्यंत बाळाचे मुख्य अवयव बहुधा घडून गेलेले असतात. म्हणूनच २०१२मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिया’ या चाचणीत याज्ञिकांच्या गटाने गर्भवतींची वाट पाहिली नाही. त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलींना, आणि मुलांनाही, लग्नाच्या आधीपासून बी-१२ दिलं: रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम.